गाण्यासाठी घाट ओलांडावा

घरबसल्या आकाशवाणीवर उत्तम गाणे ऐकावयास मिळत असता त्यासाठी परगावी जाण्याचा खटाटोप कशाला, असा प्रश्न व्यवहारी मनुष्य नेहमी विचारतो. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग शहराकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. आल्प्सच्या पायथ्याशी, साल्झाख नदीच्या दोन्ही तीरांवर हे शहर वसले आहे. १७५६ साली मोझार्ट तेथे जन्मला. परंतु त्याचे त्या गावाशी फारसे पटले नाही, आणि १७८१ साली तेथील आर्चबिशपची चाकरी सोडून तो व्हिएन्नास राहू लागला. त्याच गावात १९२० पासून उन्हाळ्यात संगीत-नाट्याचा महोत्सव भरतो. डोंगराचा कडा कोरून केलेल्या जुन्या अश्वारोहणशाळेत ऑपेराचे प्रयोग होतात. स्थळ आणि स्वर तेथे एकमेकांस साथ देतात.

गोडदेवच्या रसिकास आल्प्स दूर असला तरी सह्याद्री जवळ आहे. भाईंदरहून दादर, आणि तेथून पुण्याची गाडी. १८६३ साली खुला झालेला बोरघाटाचा लोहमार्ग बोगद्यांमागून बोगदे ओलांडीत खंडाळ्यास चढतो. खाडीकाठची दमट हवा मागे पडते, आणि डिसेंबरातली पुण्याची थंडी अंगास झोंबू लागते. तेथे सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव भरतो. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले. पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी या उत्सवाचा पाया घातला. २०११ साली भीमसेन गेले, आणि गुरूच्या नावाशेजारी शिष्याचेही नाव लागले.

या शिष्याची कथा प्रवासाचीच आहे. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधार्थ त्याने घर सोडले. गाठीस तिकिटाचे पैसे नव्हते. भटकत तो ग्वाल्हेर पाहून जालंदरास पोहोचला. तेथे १८७५ पासून हरिवल्लभ संगीत संमेलन भरते. त्या संमेलनास आलेल्या विनायकबुवा पटवर्धनांनी त्यास सांगितले की, सवाई गंधर्व तुझ्याच मुलखात आहेत, त्यांच्याकडे जा. काखेतला कळसा सापडण्यासाठी मुलाला पंजाबपर्यंत जावे लागले. परंतु तो गेला नसता, तर ही वाट त्यास कोणी दाखविली असती?

पूर्वी पुण्याची ही बैठक रात्रभर चाले. मध्यरात्रीचा दरबारी, पुढे मालकंस, आणि फटफटताना ललत, असा काळाचा क्रम श्रोत्यास स्वतःच्या जागरणातून कळे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्या जागी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास बंदी आली. सवलत मिळाली तरी ती मध्यरात्रीपर्यंतच. शेजाऱ्यांची झोप हाही हक्कच आहे, हे कोणी नाकारणार नाही. बैठक दुपारी सुरू होऊ लागल्याने भीमपलास, मुलतानी यांना हक्काची वेळ लाभली, हेही खरे. परंतु उत्तररात्रीचे राग मंडपाबाहेर राहिले, आणि ध्वनिमुद्रिकेवर ते दिवसाढवळ्या ऐकणे म्हणजे चांदणे चित्रात पाहणे होय.

म्हणूनच जे उरले आहे ते समक्ष ऐकण्यास जावे. सोबत शाल असावी, आणि घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी अवश्य असावी. मोठ्यांस तेथे आनंद मिळेल. मुलांस कदाचित वाट सापडेल.