निघून जाणारा रंग



पोळा आला की पांढुर्णा आणि सौंसरच्या खेड्यापाड्यांतून बैल रंगू लागतात. अंगावर गेरूचे ठसे उठतात, शिंगांना रंग चढतो, वर बेगड चिकटते. यांतला गेरू पुढच्या दोन-चार सरींत धुऊन जातो आणि बैल आपल्या मूळ रंगावर येतो. शिंगांचा रंग मात्र, विशेषतः तो डब्यातला ऑईलपेंट असेल तर, दिवाळी उलटली तरी हटत नाही. एकाच दिवशी, एकाच जनावरावर, एकाच हाताने लावलेले हे दोन रंग आहेत. पण एक जाण्यासाठी लावलेला आणि दुसरा राहण्यासाठी. आज मला बोलावयाचे आहे ते मोटारीच्या रंगाविषयी. आरंभ बैलापासून केला, कारण हा भेद ध्यानात न घेता मोटारीला हात घालणाऱ्याचे नुकसान होते, आणि ते थोडेथोडके नसते.

मोटारीचा रंग बदलावयाचा म्हणजे ती गॅरेजात नेऊन 'ड्यूको' मारून घ्यावयाचा, ही आपली जुनी समजूत. हा ड्यूको शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो एका अमेरिकन रंगाचे नाव होता हे आज कोणाच्या ध्यानीही येत नाही. फोर्ड कंपनीची सुप्रसिद्ध टी मोटार १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळत असे. त्या काळा रंगाचा गुण असा की तो लवकर वाळे. इतर रंग वाळावयास आठवडे लागत. मग १९२३-२४ च्या सुमारास द्युपाँ कंपनीने जनरल मोटर्सच्या साहाय्याने ड्यूको बाजारात आणला, रंग काही तासांत वाळू लागला, आणि निळ्या-हिरव्या मोटारी रस्त्यावर आल्या. पण तो रंग कायमचा. खरवडून काढल्यावाचून तो जात नसे.

याउलट, काही दिवसांपुरता रंग चढवावयाचा आणि मग काढून टाकावयाचा, ही कल्पना लष्कराच्या चांगली ओळखीची आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या बर्फात रणगाड्यांना हिवाळ्यापुरता पांढरा रंग फासत आणि वसंतात धुऊन टाकीत. आपल्याकडेही १९६५ आणि १९७१ च्या युद्धकाळात मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा करीत, हे वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. आणि २०१९ च्या उन्हाळ्यात अहमदाबादेतील एका बाईंनी आपली मोटार गारव्यासाठी चक्क शेणाने सारवून काढली. त्यांचे छायाचित्र देशभर फिरले, आणि पाठोपाठ महाराष्ट्रातील एका डॉक्टरांनीही तोच प्रयोग केला. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखे फारसे वाटत नाही. घरच्या घरी लावता येणारे आणि पाण्याच्या बादलीने निघणारे आवरण म्हणून ते निर्दोषच होते! गारव्याचे म्हणाल, तर बंद मोटार तापते ती बव्हंशी काचांतून शिरणाऱ्या उन्हाने, आणि काचा काही सारवता येत नाहीत.

रंगाचा आणि उन्हाचा संबंध मात्र खरा आहे. २०११ साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील संशोधकांनी एक काळी आणि एक रुपेरी अशा दोन सारख्या मोटारी भर उन्हात शेजारी शेजारी उभ्या केल्या. रुपेरी मोटारीचे छत काळीच्या छतापेक्षा सुमारे २५ अंशांपर्यंत थंड राहिले आणि आतली हवा पाच-सहा अंशांनी. मे महिन्यात सौंसरच्या बाजारात मोटार उभी करून परत आलेल्या माणसाला हे पाच-सहा अंश म्हणजे काय ते सांगावयास नको. तेव्हा नागपुरात जुन्या मोटारींच्या बाजारात स्वस्त पडली म्हणून काळी मोटार घेतलेल्या गृहस्थाला ती पांढरी करावीशी वाटली तर तो केवळ शौक म्हणता येणार नाही. शिवाय पांढुर्णा या नावात पांढरेपण ऐकू येतेच!

निघणारी आवरणे आज दोन तऱ्हांची मिळतात. एक, फवारून लावावयाचे रबरासारखे द्रव. दुसरे, प्लॅस्टिकचा चिकट कागद, ज्याला आपल्याकडे 'रॅप' म्हणतात. पहिल्यातले सर्वांत परिचित नाव प्लॅस्टी डिप. हे द्रव मुळात पक्कड-पान्यांच्या मुठी बुडवून त्यांना रबराची पकड यावी म्हणून निघाले. मोटारीवर ते पुढे कोणा हौशी माणसांनी मारले. त्याचे तत्त्व संत्र्याच्या मुलखात समजावून सांगणे सोपे आहे. संत्र्याची साल आपल्या आतल्या फोडींना सैल धरते, पण स्वतःशी घट्ट असते, म्हणून ती मोठ्या तुकड्यांत सुटते. मोसंब्याची साल आतल्या गराला घट्ट धरते, म्हणून तिला सुरी लागते. हे द्रव वाळले की त्याचा संत्र्याच्या सालीसारखा पापुद्रा होतो: स्वतःशी चिवट, खालच्या गुळगुळीत रंगाशी सैल. पण खालचा पृष्ठभाग खरबरीत असला, उदाहरणार्थ बंपरचे न रंगवलेले काळे प्लॅस्टिक, तर तोच पापुद्रा त्या खरबरीतपणात रुतून बसतो, आणि संत्र्याचे मोसंबे होते.

येथेच बहुतेकांची पहिली चूक होते. द्रव महाग, म्हणून माणूस हात आखडता घेतो आणि दोन थरांत काम उरकतो. दिसावयास मोटार छान दिसते. पण काढावयाची वेळ येते तेव्हा तो पापुद्रा पातळ सायीसारखा बोटाला फाटत जातो, आणि चार दिवस नखांनी खरवडत बसावे लागते. जाड साय एका उचलीत निघते, तसेच हे. म्हणून पाच-सहा थर हवेत. पहिला अगदी विरळ, खालचा रंग अर्धामुर्धा दिसेल इतका. मग वीस-तीस मिनिटांच्या अंतराने पुढचे थर, एकेक अधिक ओला, नळी पृष्ठभागापासून वीतभर अंतरावर आणि हात सारखा फिरता. लहान मोटारीलाही या हिशेबाने बारा-पंधरा लिटर द्रव लागते. कडांना लावलेली कागदी चिकटपट्टी शेवटचा थर ओला असतानाच ओढून काढावी. वाळल्यावर ओढली तर तिच्याबरोबर पापुद्राही उठतो. आणि एवढे करूनही काही जागी थर पातळच राहिला, तर त्यावर आणखी दोन थर मारावेत, वाळू द्यावेत आणि मग सोलावे. नवा थर जुन्याला आपल्याबरोबर घेऊन येतो.

ऋतू पाहून काम करावे हे शेतकऱ्याला मी काय सांगणार! भर उन्हाळ्यात द्रवाचे थेंब हवेतच अर्धे वाळतात आणि पृष्ठभाग दाणेदार होतो. असा ओबडधोबड पृष्ठभाग आला की जगभरचे रंगारी त्याला 'संत्र्याची साल' म्हणतात, हे ऐकून पांढुर्ण्याच्या बागाइतदारांना गंमत वाटेल. पावसाळ्यात हवेतील दमटपणाने रंगावर दुधी झाक येते. दिवाळीनंतरची कोरडी, निवांत सकाळ सर्वांत चांगली. अंगणात आदल्या दिवशी सडा घातला तर धूळही बसते. मोटार साबणाने धुवावी आणि पूर्वी लावलेले मेण-पॉलिश पूर्णपणे पुसून काढावे.

आता एक गोष्ट थोडी थांबून सांगतो. या द्रवात टोल्युइन आणि नाफ्था यांच्या जातीची विद्रावके असतात. त्यांची वाफ हवेहून जड. ती जमिनीलगत साठते आणि दूरच्या शेगडीपर्यंत, विडीपर्यंत सरपटत जाते. बंद पडवीत किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात हे काम कदापि करू नये. तोंडाला रुमाल बांधला म्हणजे झाले, हीही समजूत घातक आहे. रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवीत नाही. त्यासाठी कोळशाची डबी असलेला मुखवटाच लागतो. फवारा आपल्या भागात नित्याचा म्हणून त्याचे भय वाटत नाही. परंतु २०१७ साली शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन किती शेतकरी-शेतमजूर दगावले हे आपण सर्वांनी वर्तमानपत्रांतून वाचले आहे. ते विष निराळे, हे निराळे. नळीच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचे नाक मात्र तेच. बागेचा फवारणीचा पंपही या कामाला वापरू नये. त्यात राहिलेल्या औषधाच्या अंशाने रंग बिघडतो, आणि रंगाने पंप.

रॅपविषयी थोडक्यात. त्यात वाफेचे भय नाही, पण हाताचे कौशल्य अधिक लागते. वळणांवर कागद गरम हवेने मऊ करून ताणावा लागतो, बुडबुडे काढावे लागतात. घरी करणाऱ्याचा खरा शत्रू म्हणजे पाते. कागद मोटारीवरच ठेवून पात्याने कापला की पाते कागदाबरोबर खालचा रंगही चिरते. ती चीर रॅपखाली दिसत नाही; एक-दोन पावसाळ्यांनी तेथे गंज दिसतो.

कारखान्यातून आलेल्या मोटारीवर रंगाचे सर्व थर मिळून सुमारे शंभर ते दीडशे मायक्रॉन जाडी असते, म्हणजे मिलिमीटरचा साधारण आठवा भाग. तो भट्टीत पक्का केलेला असतो आणि पापुद्र्याच्या ओढीला दाद देत नाही. पण अपघातानंतर पुट्टी भरून गॅरेजात रंगवलेले दार असेल, तर सोलताना पापुद्र्याबरोबर खालचा रंगही ढलप्यांनी सुटू शकतो. रॅपच्या चिकटपणामुळे हा धोका आणखी वाढतो. जुनी मोटार घेतलेल्या कुटुंबाला हे आधी कळले पाहिजे. नाहीतर दहा-वीस हजारांची हौस पूर्ण रंगकामाच्या खर्चात जाऊन पडते. साधी परीक्षा घरात करता येते: एक लहान लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दारांवरून फिरवावे. जेथे तो ढिला धरतो तेथे पुट्टी असण्याचा संभव आहे. तसे आढळले तर त्या भागावर आवरण लावण्याचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तसेच मुदतीचे. ही आवरणे दोन-तीन वर्षांची सोबती. चांगला रॅप थोडा अधिक टिकतो, पण छतावर आणि बॉनेटवर आपले ऊन त्याला लवकर कडक करते. कडक झालेला पापुद्रा सलग निघत नाही, तुकडे पडतात. बरा दिसतो म्हणून ठेवला, असे पाचव्या वर्षी म्हणणाऱ्याने तो निघणारा रंग स्वतःच कायमचा करून घेतलेला असतो. पेट्रोलच्या झाकणाभोवती तर रबरी द्रव फार जपावे. सांडलेले पेट्रोल त्याला विरघळवते.

राहिला कायदा. मोटारीच्या नोंदणीपत्रात रंगाचाही रकाना असतो, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने मनानेच करावयाचा नसतो. आवरण उद्या निघणार आहे, या सबबीने आजची नोंद आणि आजची मोटार यांतील तफावत नाहीशी होत नाही. आपल्या भागाला हे विशेष लागू आहे. पांढुर्णा २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. पण दवाखाना, बाजार, लग्नकार्य यांसाठी आपली धाव नागपूरकडेच. पांढुर्ण्याचा रस्ता आणि सौंसरचा रस्ता सावनेरला मिळतात, आणि राज्याची सीमा ओलांडताना नाकाबंदीवर कागदात पांढरी असलेली मोटार समोर काळी उभी राहिली, तर हवालदाराच्या मनात प्रथम चोरीच्या मोटारीचाच संशय येणार. त्यात त्याचा दोष नाही. म्हणून आधी परिवहन कार्यालयात अर्ज, मग फवारा. आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. एक रंग तर मागूही नये: लष्करी हिरवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२१ व्या नियमाने तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे. नंबरपाटी, दिवे आणि काचा यांना आवरण शिवता कामा नये. काचांवरील काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी मनाई केली, तरी ती अजून पाहावयास मिळते, ही गोष्ट निराळी.

सोललेल्या पापुद्र्याचा मोटारीमागे एक भला मोठा गठ्ठा होतो. तो धुऱ्यावर पालापाचोळ्याबरोबर पेटवून देण्याचा मोह होईल. रॅप हा पीव्हीसीचा असतो, आणि तो जळला की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो, जो माणसाला आणि बहराला आलेल्या झाडाला सारखाच वाईट. गठ्ठा बांधून नगरपालिकेच्या घंटागाडीत, सुक्या कचऱ्याकडे द्यावा. गाडी येत नसेल अशा खेड्यात तो कोरड्या जागी ठेवून पुढच्या बाजाराच्या दिवशी शहरात न्यावा. वजन फारसे नसते.