भट्टीतले तांबे

श्रोतेहो, चंदगड-आजऱ्याकडच्या मंडळींना काजूचे बोंड काही नवे नाही. बी काढून विकायची आणि बोंडे झाडाखाली सडू द्यायची, असे आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी चालते. घाट उतरून गोव्यात जावे, तर त्याच बोंडांचा रस तुडवून काढतात, आंबवतात आणि परवाना घेऊन भट्टीवर चढवतात. पहिल्यांदा उकळून मिळतो तो उर्राक. तो पुन्हा चढवला की फेणी. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

मला आज बोलायचे आहे ते मात्र भट्टीवरच्या भांड्याविषयी. पूर्वी ते मातीचे असे, मागून तांब्याचे आले. आता बघा, घरात आपण तांब्यापितळेला कल्हई करून घेतो. बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आजीने आपल्याला सांगितलेले असते. आणि भट्टीवाला तर उघडे तांबेच वापरतो! हे कसे?

रस आंबताना त्यातले किण्व थोडे गंधकाचे वायू सोडते. एकाला सडक्या अंड्याची घाण येते, दुसऱ्याला कुजक्या कोबीची. वाफ वर चढताना उघड्या तांब्याला लागली की यातला बराचसा गंधक तांब्याला धरून बसतो. त्याचा काळा थर होतो आणि तो वाफेबरोबर उडत नाही. स्कॉटलंडातले व्हिस्कीवालेही याच कारणाने तांबे सोडत नाहीत. थर दाट झाला की तांबे झाकले जाते आणि काम थांबते. म्हणून ते घासावे लागते. आजीचे म्हणणेही खोटे नाही. आंबट रस तांब्याला खातोच. हिरवा कळक नळीत राहिला तर तो धारेबरोबर खाली उतरतो, आणि तो विषारी असतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तांबे वास काढते, विष काढत नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे गेली, ती मिथेनॉलने. त्यावर तांब्याचा काही इलाज चालत नाही. नळीच्या सांध्याला शिशाचा डाख असेल तर तेही विष पोटात जाते. तेव्हा वास बरा आला म्हणून दारू बरी, ही समजूत जिवावर बेतणारी आहे. शिवाय आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने घरी दारू गाळणे हा गुन्हाच आहे. बोंडांचे सरबत करा, त्याला कोणाची ना नाही.

गुरुजींनी मात्र तांब्याचा हा गुण वर्गात जरूर दाखवावा. भट्टी लागत नाही. अंडे चांगले कडक उकडून गरम असतानाच कुस्करावे आणि झाकणाच्या बरणीत घालावे. चिंचेने लख्ख घासलेली तांब्याची तार अंड्याला न लागेल अशी आत टांगावी. दुसऱ्या बरणीत नुसतीच तार टांगावी. रात्रभर दोन्ही बरण्या झाकून ठेवाव्यात. सकाळी मुलांनाच विचारावे, कोणती तार काळवंडली? पेटीतले चांदीचे पैंजण काळे पडतात तेही याच गंधकाने, हे मुलींना लगेच पटते. फक्त बरणी उघडण्यापूर्वी वर्गाच्या खिडक्या उघडायला विसरू नये.