मूल वाचताना अडते तेव्हा



काही मुले तोंडी गोष्ट घडाघडा सांगतात, हिशेबही चटकन करतात. पण वाचायला बसवले की अडखळतात. ‘घ’चा ‘ध’ होतो, जोडाक्षर सुटते. आपण त्यांना आळशी म्हणून मोकळ्या होतो. हा आळस नव्हे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आपली पहिली वेलांटीच पाहा. ‘कि’ लिहिताना ती ‘क’च्या आधी येते, उच्चार मात्र मागून! सुरुवातीला सगळीच मुले इथे चुकतात. पण तिसरीत गेल्यावरही तेच चालले, तर आधी डोळे व कान तपासून घ्यावेत. मग शिक्षकांना भेटून तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या नावाने या अडचणीचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळही मिळू शकतो.

घरी ताटात रवा पसरावा. मुलाने बोटाने अक्षर गिरवावे आणि तोंडाने म्हणावे. रोज पंधरा मिनिटे पुरेत. चुकलेला शब्द शंभरदा लिहिण्याची शिक्षा नको. धडा आपण वाचून दाखवावा, म्हणजे वाचन मागे राहिले तरी ज्ञान मागे राहत नाही. आणि भावंडांदेखत त्याला ‘ढ’ म्हणू नये. ते अक्षर मात्र मुले जन्मभर विसरत नाहीत.