कढीपत्त्याला ऊन, पुदिन्याला सावली

(रौप्यमहोत्सवी वर्षात महिला मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून लिहून दिले आहे.)



माइक हातात आला की पाठ केलेलं सगळं विसरायला होतं, म्हणून कागद घेऊन आले आहे. मंडळातल्या मैत्रिणी म्हणाल्या, "तुम्ही झाडांवर बोला." माझी झाडं म्हणजे फोडणीची, चटणीची आणि चहाची झाडं. पण त्यांच्याविषयी बोलायचं तर आधी गच्चीचा विषय काढावा लागेल. जुनी मंडळी आत्ताच हसायला लागली, म्हणजे तुम्हाला आठवतंय.

नवीन राहायला आलेल्यांसाठी सांगते. 12 वर्षांपूर्वी मी गच्चीवर 22 कुंड्या आणि दोन कापलेले ड्रम ठेवले होते. सगळे थेट लादीवर. खाली ना स्टँड, ना ताटली. जुलैच्या पावसात माती आणि पानं वाहत गेली, पाइपच्या तोंडाशी अडकली आणि गच्चीत पाणी तुंबलं. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींच्या बेडरूमचं छत ओलं झालं. दिवाळीनंतर घरात मुलीचं लग्न, भिंतींना नुकताच रंग दिलेला. सभेत मी आधी तावातावानं विचारलं, "माझ्याच कुंड्यांमुळे कशावरून?" तेव्हा प्लंबरनं पाइपातून काढलेली मूठभर पानं समोर ठेवली. कढीपत्त्याचीच होती. मी खाली बसले. गच्चीवर कुंड्या ठेवायच्या नाहीत असा ठराव झाला, त्याला मीही हात वर केला. वहिनी दीड वर्ष माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

झाडं खाली आणली आणि दोन महिन्यांत निम्मी गेली. गच्चीवर ऊन भरपूर होतं म्हणून सगळं आपोआप वाढत होतं, आणि मला वाटायचं माझ्या हाताला गुण आहे! माझ्या स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेकडची. तिथं कोण जगतं आणि कोण नाही हे पाहत पाहत मी खरं शिकले.

त्या खिडकीत पुदिना टिकला. त्याला सकाळचं तीन-चार तास ऊन मिळालं तरी पुरतं, माती मात्र सतत ओलसर हवी. बाजारातल्या जुडीतल्या जाड दांड्या घ्या, खालची पानं काढा आणि पाण्यात ठेवा, आठवड्या-दीड आठवड्यात मुळं फुटतात. कुंडी पसरट घ्या आणि त्यात दुसरं काही लावू नका, कारण पुदिना शेजाऱ्याची जागा बळकावतो. शेंडे खुडत राहा. फुलावर आला की पानं लहान होतात आणि चटणीला ती मजा राहत नाही.

कोथिंबिरीचा स्वभाव वेगळा. धण्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात, म्हणून लाटण्यानं हलकेच रगडून दाण्याचे दोन भाग करायचे, रात्रभर भिजवायचे आणि जिथं वाढवायची तिथंच पेरायचे. रोप उपटून दुसरीकडे लावलेलं तिला खपत नाही. आठ-दहा दिवसांत उगवते, सव्वा महिन्यात कापायला येते. थंडीत छान होते. मे महिन्यात पेरली तर धड वाढण्याआधीच फुलावर येते, तेव्हा तिला दुपारची सावली द्या. स्वयंपाकातही तिला आच सोसत नाही, म्हणून पानं शेवटी भुरभुरवायची. देठ मात्र फेकू नका, वाटणाची चव देठांत असते.

ओव्याचं पान मी प्रेमानं मारलं. रोज पाणी घातलं आणि ते कुजलं. त्याची पानं जाड असतात, पाणी त्यांतच साठवलेलं असतं. माती वाळली की मगच पाणी. फांदी खोचली तरी जगते. आपण ज्या झाडाचा ओवा खातो ते झाड वेगळं, हे नुसतं वासानं त्याचं भावंड. याच्या भज्यांना बेसन पातळ भिजवा, नाहीतर पान राहतं बाजूला आणि आपण पीठच खातो.

गवती चहाला मोठी कुंडी, भरपूर ऊन आणि भरपूर पाणी लागतं. ते खिडकीतलं काम नव्हे. बी शोधत बसू नका, कुणाच्या तरी बेटातला मुळासकट एक फुटवा मागून आणा. पानं कात्रीनं कापा, कडा धारदार असतात. चहात टाकताना पानाची गाठ मारली की गाळायला सोपं जातं.

ज्यांना ऊन हवं होतं त्यांना मी ऊन असलेल्या घरी पाठवलं. पूर्वेच्या ग्रिलमध्ये कोथिंबीर गेली. गवती चहा गेटजवळ वॉचमनदादांच्या केबिनमागे लावला, त्यांच्या चहाची सोय झाली. आणि कढीपत्ता कमिटीच्या परवानगीनं पंपरूमच्या बाजूला जमिनीत लावला. त्याला दिवसभर ऊन मिळालं आणि मुळांना जागा मिळाली. कुंडीत तो चार वर्षं गुडघ्याएवढाच राहिला होता. आज पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागलाय आणि तिन्ही विंगच्या फोडणीत जातो. एकच विनंती, पानं ओरबाडू नका. शेंड्याकडची डहाळी कापून न्या, तिथं दोन नवे फुटवे येतात. तो लिंबाच्या कुळातला आहे, म्हणून लिंबावर अंडी घालणारी फुलपाखरं त्याच्यावरही येतात. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ती बहुधा त्यांची अळी असते. चार पानं तिलाही खाऊ द्या.

आता वहिनींची गोष्ट पुरी करते. माझ्या खिडकीत हळदही होती. तिला थोडी सावली चालते. उन्हाळा सरताना गड्डे लावले की श्रावणात हातभर पानं होतात. एका नागपंचमीच्या सकाळी बेल वाजली. दारात वहिनी. म्हणाल्या, "पातोळ्यांना पानं मिळाली नाहीत बाजारात. आहेत का हो तुमच्याकडे?" मी होती तेवढी सगळी कापून दिली. संध्याकाळी डबा आला. त्या वाफेतल्या हळदीच्या पानाचा वास मला अजून आठवतो. गच्चीचा विषय दोघींनीही काढला नाही.

म्हणून शेवटी एकच मागणं. येत्या उन्हाळ्यात कंपाउंडमध्ये पेव्हर ब्लॉक बसणार आहेत. नकाशात पंपरूमजवळची जागा दोन स्कूटरच्या पार्किंगसाठी दाखवली आहे. ज्यांना पार्किंग नाही त्यांची अडचण खरी आहे, मी तिला विरोध करत नाही. पण तिथं एकच स्कूटर लावून झाडाभोवती तीन बाय तीन फूट माती मोकळी ठेवता येईल का, एवढं सभेत विचारात घ्यावं. एवढं मोठं झाड उपटून दुसरीकडे लावलं तर जगेलच असं नाही. काढायचंच ठरलं तर मला आधी सांगा, मुळांतून फुटलेली पिल्लं मी कुंड्यांत लावून घेईन. या वेळी ताटल्या ठेवून, हेही सांगते! गच्चीच्या ठरावाला मी हात वर केला होता, याही ठरावाला बहुमताप्रमाणे करीन. मात्र वहिनींनी आज सकाळीच सांगितलंय की त्या माझ्या बाजूनं बोलणार आहेत.

आज वाण म्हणून पुदिन्याच्या दांड्या लुटल्या आहेत. घरी गेल्यावर पर्समध्ये विसरू नका, लगेच पाण्यात ठेवा. आणि ग्रिलमध्ये कुंडी ठेवाल तेव्हा खालच्यांचे वाळत घातलेले कपडे आठवा.