मैदान कुठं दाखवू, बाई?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नकाशात हिरवा रंग म्हणजे मैदान, तपकिरी म्हणजे डोंगर, निळा म्हणजे पाणी, हे किती मुलांकडून घोकून घेतलं त्याची गणती नाही. पण आपल्याच गावाचा एक नकाशा नगरपालिकेत असतो, त्यालाही रंग असतात आणि त्या रंगांवर आपलं घर, आपला रस्ता, आपल्या नातवंडांचं खेळणं ठरतं, हे मला स्वतःला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. शाळेच्या पुस्तकात ते नव्हतं आणि पुस्तकाबाहेर बघायची सवय नव्हती.

गावाचं नाव सांगत नाही. महाराष्ट्रात दोनशेहून अधिक नगरपालिका आहेत. त्यांतलीच एक समजा. एसटी स्टँड, बाजार समिती, एक कॉलेज, भोवती ऊस आणि मधून जाणारा ओढा. यंदा आमच्या विकास आराखड्याची सुधारणा चालू आहे आणि ओढ्यापलीकडची साठेक एकर शेतजमीन हिरव्या पट्ट्यातून पिवळ्या पट्ट्यात घ्यावी, असा प्रस्ताव आहे. गेल्या महिन्यात एकाच संध्याकाळी माझ्याकडे सहीसाठी दोन कागद आले. एक प्रस्तावाच्या बाजूनं, एक विरोधात. दोन्ही आणणारे माझेच विद्यार्थी. मी दोघांनाही चहा दिला आणि सही कुणालाच दिली नाही. असं का केलं, ते आज सांगायचं आहे.

आधी या रंगांविषयी थोडं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याप्रमाणे प्रत्येक शहराचा आराखडा असतो आणि वीस वर्षांतून निदान एकदा तो सुधारायचा असतो. पिवळा रंग रहिवासाचा, जांभळा उद्योगांचा, हिरवा शेतीचा. शाळा, दवाखाना, भाजी मंडई, मैदान यांसाठी ज्या जागा राखायच्या त्यांच्यावर आरक्षणाचे आकडे टाकलेले असतात. प्रारूप नकाशा प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत लोकांनी हरकती आणि सूचना द्यायच्या, नियोजन समितीनं त्या ऐकायच्या आणि शेवटी मंजुरी राज्य सरकारनं द्यायची. कागदावर हे सगळं सोपं आहे. गंमत त्या पिवळ्या-हिरव्याच्या सीमेवर असते. माती तीच, विहीर तीच, पण रेषेच्या अलीकडे जमीन चौरस फुटावर विकली जाते आणि पलीकडे एकरावर.

आम्ही १९९० साली घर शोधत होतो. आमचे हे सूतगिरणीत होते, मी नुकतीच शाळेत कायम झाले होते. पिवळ्या पट्ट्यातला मंजूर प्लॉट परवडणं शक्यच नव्हतं. मग ओढ्याअलीकडे एका शेतकऱ्यानं रान पाडलं होतं, तिथं दोन गुंठे घेतले. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तेव्हा हे रानही हिरव्यातच होतं. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे असे तुकडे खरेदीखतानं घेता येत नसत, म्हणून स्टँपपेपरवर साठेखत आणि ताबा पावती. सात-बारावर नाव मूळ मालकाचंच राहिलं. मालकानं दोरी धरून, फक्की टाकून रांगा आखल्या आणि मधे दहा फुटांची वाट ठेवली. आम्ही नारळ फोडला.

आता हेच रान रीतसर रेखांकन मंजूर करून विकलं असतं तर? साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. रस्ते ठरलेल्या रुंदीचे सोडावे लागतात. गटाराला उतार द्यावा लागतो. या सगळ्याची किंमत प्लॉटच्या दरात येते. आमचा प्लॉट स्वस्त पडला तो एवढ्याचसाठी, की त्यात मैदान नव्हतं, रस्ता नव्हता आणि गटार नव्हतं. हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तरी घेतलाच असता, हेही प्रामाणिकपणे सांगते. भाड्याच्या दोन खोल्यांत सासू-सासऱ्यांसह सहा माणसं राहत होतो.

२००१ साली गुंठेवारीचा कायदा आला. १ जानेवारी २००१ पूर्वीची अशी घरं शुल्क भरून नियमित करून घेता येऊ लागली. प्रशमन शुल्क, विकास आकार, मोजणी, सगळं भरून आम्ही दाखला मिळवला आणि तो फ्रेम करून लावला. आमच्या घरात लग्नाच्या फोटोशेजारी तो अजून आहे. हसू नका. ज्यांची घरं अशी आहेत त्यांना त्या कागदाची किंमत कळेल. पुढे २०२१ साली कायदा सुधारून ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली गेली. म्हणजे मधल्या वीस वर्षांतही लोक गुंठ्यांनीच जागा घेत राहिले.

दाखला मिळाला आणि दोन वर्षांत आराखड्याची सुधारणा निघाली. आमच्या वसाहतीला पिवळा रंग आला, पण मधोमध एक आरक्षण पडलं. खेळाचं मैदान. अकरा गुंठे मोकळी जागा आणि तिला लागून चार घरं. त्यांतलं एक आमचं.

त्या दिवसांत झोप उडाली होती. वसाहतीनं मला पुढं केलं, कारण बाईंना बोलता येतं. हरकत अर्ज मी लिहिले, सात-बारा जोडले, नगरपालिकेत आवक शिक्का मारून पोच घेतली. सुनावणीला प्रत्येकाला तीन-चार मिनिटं मिळत होती. मी वर्गात बोलते तशी बोलले. कष्टाची घरं आहेत, आत्ताच नियमित झाली आहेत, मैदानाला आमचा विरोध नाही, पण ते आमच्याच डोक्यावर का? समितीतले एक वयस्क साहेब शांतपणे ऐकत होते. त्यांनी नकाशा माझ्याकडे फिरवला, पेन्सिल पुढं केली आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. मग मैदान कुठं दाखवू, बाई? तुम्हीच सांगा."

मी भूगोलाची शिक्षिका. समोर नकाशा. आणि मला उत्तर सुचेना. शेवटी म्हणाले, "ओढ्यापलीकडे दाखवा. तिथं सगळं मोकळंच आहे."

तसंच झालं. आराखडा मंजूर होऊन आला तेव्हा मैदान ओढ्यापलीकडे गेलं होतं. आम्ही पेढे वाटले.

ती जागा 'मोकळी' नव्हती. तिथं अण्णांचं भुईमूग-भाजीचं रान होतं. मी त्यांच्याकडूनच मेथी घ्यायची. त्यांना हे कळलं दोन वर्षांनी, मुलीच्या लग्नासाठी तुकडा विकायला काढला आणि घेणाऱ्यानं झोन दाखला मागितला तेव्हा. आरक्षण आहे म्हटल्यावर गिऱ्हाईक पळालं. नगरपालिकेकडे जमीन घ्यायला पैसा नव्हता आणि अण्णांना ती विकता येत नव्हती. कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर पूर्वी सहा महिने थांबावं लागे, आता दोन वर्षं. तेवढ्यात पालिकेनं पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द. अण्णा बारा वर्षं थांबले. मुलीचं लग्न कर्ज काढून झालं. २०१८ साली आरक्षण गेलं आणि गावाला मैदान मिळायचं ते राहिलंच.

आमच्या वसाहतीतली मुलं आज दहा फुटांच्या वाटेवर क्रिकेट खेळतात. अकरा गुंठ्यांवर घरं झाली. सुगी झाली की पोरं अण्णांच्या रानात जातात. अण्णा ओरडतात, पण हाकलत नाहीत.

आता पाण्याचं सांगते. आमच्या लहानपणी ओढा बैलगाडी उतरेल एवढा रुंद होता. आज मोरीपाशी तो चार पावलांत ओलांडता येतो. दोन्ही काठांवरून थोडं थोडं सगळ्यांनीच घेतलं. भराव, भिंत, गोठा, वर स्लॅब. २०१९ च्या पावसात पाणी आमच्या ओट्याला लागलं. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्यानं काय केलं, ते सगळ्यांनी पाहिलं. माणसं वाहून गेली. सांगलीच्या शामरावनगरसारख्या सखल, काळ्या मातीच्या गुंठेवारीत पावसाचं पाणी आठवडेच्या आठवडे हटत नाही. हिरव्या पट्ट्याचा एक अर्थ शेती, दुसरा अर्थ पाण्याला पसरायला जागा. तो दुसरा अर्थ नकाशाच्या कोपऱ्यातल्या सूचीत लिहिलेला नसतो.

म्हणून विरोधाचा कागद आणणाऱ्या मुलाचं मला पटत होतं. त्याच आठवड्यात अण्णा कट्ट्यावर भेटले. मी ओढ्याचं बोलायला लागले तर म्हणाले, "बाई, तुमचं पिवळं झालं तेव्हा ओढा नव्हता का? आता माझं पिवळं व्हायच्या वेळीच बरा आठवला." यावर काय बोलणार? त्यांची दोन्ही मुलं पुण्यात कंपनीत आहेत. रान करणारं कुणी उरलेलं नाही. आणि हिरवं ठेवलं तरी ते हिरवं राहील, या भ्रमात मी नाही. मी स्वतः हिरव्यातच घर बांधलं आहे. गावात नव्यानं नोकरीला लागलेल्या पोरांना घरं लागणारच. मंजूर प्लॉट मिळाले नाहीत तर दोरी आणि फक्की पुन्हा निघेल.

पिवळं करण्याच्या बाजूचेही सगळं सांगत नाहीत. साठ एकरांचे मालक चाळीसेक. जो तो आपापला तुकडा एकराच्या आत ठेवून प्लॉट पाडायला बघणार, म्हणजे मोकळी जागा सोडायला नको. कुणी सोडलीच तर कोपऱ्यातली, त्रिकोणी, ट्रान्सफॉर्मरखालची.

मग मी थोडा अभ्यास केला. निवृत्त माणसाला वेळ असतो. याच १९६६ च्या कायद्यात नगररचना योजना नावाची तरतूद आहे. कल्पना तर त्याहून जुनी, १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातली. मुंबईत वांद्रे, सांताक्रूझ, पार्ल्याच्या पत्त्यांत 'टीपीएस' ही अक्षरं अजून दिसतात, ती याच योजनांची. अहमदाबादचा मोठा भाग अशाच योजनांनी वाढला. यात सगळ्यांच्या जमिनी नकाशावर एकत्र धरतात. आधी ओढा, मग रस्ते, शाळा, मैदान आखतात आणि उरलेल्यातून प्रत्येकाला त्याच्या हिश्शाचा नीट आकाराचा अंतिम भूखंड परत देतात. मैदान एकाच्या रानावर पडत नाही. सगळ्यांचं थोडं थोडं जातं. हे काम वेळखाऊ आहे, वाद होतात, वर्षं लागतात. पण साहेबांनी पेन्सिल पुढं केली तेव्हा मला हे माहीत असतं तर!

ऐकणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या गावात आराखड्याची नोटीस निघाली, तर सात-बारा किंवा मिळकतीचा उतारा घेऊन जा आणि आपला गट किंवा सर्व्हे नंबर नकाशावर शोधा. आपला शोधून झाला की शेजारचाही बघा. साध्या कागदावर अर्ज चालतो, पोच मात्र घ्या. आराखडा मंजूर झाल्यावरही कलम ३७ खाली एकेका जागेचे फेरबदल होत असतात. त्यांची नोटीस छोटी असते, वर्तमानपत्रात टेंडर आणि हरवले-सापडलेच्या मधे.

मी दोन्ही कागदांवर सही केली नाही आणि स्वतःचा तिसरा अर्ज दिला. साठ एकर पिवळे करा, पण नगररचना योजनेनंच करा. आधी ओढ्याची जुनी रुंदी मोजून नकाशावर आखा. मैदान सलग एका जागी ठेवा. आणि शेवटी लिहिलं, की आमच्या वसाहतीतली दहा फुटांची वाट सहा मीटर करावी, त्यासाठी माझ्या बाजूचे पाच फूट मी देईन. पाच फूट म्हणजे कंपाउंड, पायऱ्या आणि दारातला पारिजातक. अर्ज यांना वाचून दाखवला. हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पारिजातक तुझ्या सासूबाईंनी लावलाय." पण पोस्टापर्यंत स्कूटरवर सोडायला तेच आले.

अण्णांना अर्ज दाखवला. चष्मा पुसून त्यांनी दोनदा वाचला.

"यात माझं किती जाईल, बाई?"

"तिसरा हिस्सा तरी जाईल. कदाचित जास्तही."

"आणि तुमचं?"

"पाच फूट."

अण्णा हसले. चांगलं हसले, कडवट नाही. कागद घडी करून खिशात ठेवला, म्हणाले, "पोरांना विचारतो."

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. अण्णांनी अजून सही केलेली नाही.