हिरवळ, तण आणि खत

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, होसूर मार्गालगत, कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकर भूमीवर १९७८ साली 'केओनिक्स' या कर्नाटक शासनाच्या संस्थेने इलेक्ट्रॉनिक सिटीची उभारणी सुरू केली. हा मुलूख नाचणीचा. येथील शेतकरी जी हरळी शेतातून खणून बांधावर फेकतो, तीच हरळी या वसाहतीत घरापुढे हौसेने लावली जाते. गणपतीला वाहावयाच्या दूर्वा म्हणजेही हीच वनस्पती. श्रोत्यांनी यावरून एवढे ध्यानात घ्यावे की, तण ही वनस्पतींची एखादी स्वतंत्र जात नव्हे. नको तेथे उगवते ते तण. हिरवळीचा धनी मात्र हे विसरतो आणि एकाच दिवशी तणनाशक व युरिया विकत आणून दोन्ही एकदमच वापरतो.

वस्तुतः या दोन द्रव्यांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. २,४-डी हे तणनाशक पानांवाटे शोषले जाते. म्हणून फवारणीनंतर काही तास पाने कोरडी राहावयास हवीत. उलट युरिया पात्यावर राहिल्यास पाते करपते; तो टाकताच पाणी देऊन मुळांशी पोचवावा लागतो. सकाळी फवारून लगेच खत-पाणी दिले, तर तणनाशक धुऊन जाते आणि खताचा लाभ तणासही मिळतो. दोहोंत काही दिवसांचे अंतर हवेच. प्रमाणही बेताचे असावे. युरियात ४६ टक्के नत्र असते. दर चौरस मीटरला १० ग्रॅम एका वेळेस पुरे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोधले गेलेले २,४-डी वनस्पतींतील वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करते. त्यामुळे रुंद पानांची तणे वेडीवाकडी वाढून मरतात, गवत वाचते. वाऱ्याबरोबर त्याचे तुषार शेजारच्या टोमॅटोवर गेले की तेही आकसतात. हे शेजाऱ्याला बहुधा कोणी सांगत नाही. लव्हाळ्याची गोष्ट निराळी. वरचा भाग जळाला तरी जमिनीतील गाठी पुन्हा फुटतात. तेथे खुरपे घेऊन गाठींसकट खणणे आणि ते पुनःपुन्हा करणे, हाच भरवशाचा उपाय. ग्लायफोसेट वापरावे तर हरळीही मरते. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ते केवळ कीडनियंत्रण व्यावसायिकांकरवीच वापरण्याची अधिसूचना काढली होती.

बंगळुरास सप्टेंबरात सर्वाधिक पाऊस पडतो, तोही पुष्कळदा सायंकाळी व जोरात. अशा दिवसांत टाकलेले जादा खत गटारांतून, ओढ्यांतून तळ्यांत उतरते. तळ्यांतील जलपर्णीला मुख्य पोषण सांडपाण्यातून मिळते हे खरे. परंतु बागेतील नत्र-स्फुरदही तिच्याच वाट्यास जाते. आपल्या अंगणातील तण मारण्यासाठी झटणारा गृहस्थ अशा रीतीने तळ्यातील तण पोसतो.

अधिक खताने गवत अधिक पाणी मागते. मार्च २०२४ मध्ये टंचाई इतकी वाढली की, शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने बागांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी केली आणि ५००० रुपये दंड ठरविला. पाणी तोडले की हरळी पिवळी पडते, पण तिची मुळे व धावते जिवंत राहतात. पाऊस झाला की त्यांनाच नवे कोंब फुटतात.