रोग दाखविणारी आणि रोग बरा करणारी प्रतिमा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



 एक्स-रे, सोनोग्राफी, सी.टी. स्कॅन, एम.आर.आय. हे शब्द आज घरोघरी पोहोचले आहेत. परंतु या यंत्रांचे उपकार दोन प्रकारचे आहेत. एक, रोग दाखविणे. दुसरा, डॉक्टरांचा हात रोगापर्यंत नेणे. हा दुसरा उपकार अद्याप पुष्कळांना परिचित नाही.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. या शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. तो सर्व मानवजातीसाठी खुला ठेवला. मात्र साध्या एक्स-रेमध्ये सर्व अवयवांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. ही अडचण गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी दूर केली. त्यांच्या यंत्रावर १९७१ साली लंडनमध्ये प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे थराथराने चित्र घेण्यात आले. तेच सी.टी. स्कॅन होय.

प्रतिमा पाहता पाहताच उपचार करण्याचे युग सुरू झाले ते १६ जानेवारी १९६४ रोजी. अमेरिकेतील पोर्टलंड येथे ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या पायाची धमनी अरुंद होऊन पाय सडू लागला होता. शस्त्रक्रियातज्ज्ञांनी पाय कापण्याचा सल्ला दिला. तिने ठाम नकार दिला. तेव्हा चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाने पडद्यावरील चित्र पाहत धमनीत बारीक तार व नळी सरकवून तो मार्ग रुंद केला. पाय वाचला आणि ती पुन्हा चालू लागली. पुढे १९७७ साली झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या धमनीत फुगा फुगवून पहिली अँजिओप्लास्टी केली. आज यकृतात साठलेला पू सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने वा नळीने काढता येतो. गाठीचा तुकडाही तपासणीसाठी तसाच घेता येतो. त्यामुळे अनेक रुग्णांची मोठी शस्त्रक्रिया टळते.

याचे सर्वाधिक महत्त्व पक्षाघातात आहे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. बाहेरून लक्षणे सारखीच दिसतात. परंतु पहिल्यात गुणकारी ठरणारे गुठळी विरघळविणारे औषध दुसऱ्यात घातक ठरते. हा भेद स्कॅनच सांगते. हे इंजेक्शन सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी वाहिनी बंद असल्यास जांघेतून वा मनगटातून नळी नेऊन गुठळी बाहेर काढता येते. या पद्धतीची उपयुक्तता २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक चाचण्यांनी सिद्ध केली. निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंतही करता येते. तथापि जितका उशीर, तितकी हानी अधिक. म्हणून तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही एकाएकी दिसल्यास तेल चोळत किंवा सकाळची वाट पाहत बसू नये. रुग्ण शेवटी केव्हा ठीक होता ती वेळ लक्षात ठेवावी, तोंडाने काही देऊ नये आणि स्कॅनची सोय असलेले रुग्णालय त्वरित गाठावे.

आता दुसरी बाजू. 'एकदा सगळे स्कॅन करून टाका' असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये. पोटाच्या एका सी.टी. स्कॅनमधील किरणांची मात्रा छातीच्या एका एक्स-रेच्या कित्येक पट असते. गरज असेल तेथे हा धोका लाभापुढे नगण्य ठरतो; गरज नसेल तेथे तो व्यर्थ आहे. सोनोग्राफी व एम.आर.आय. यांत क्ष-किरण नसतात. परंतु प्रत्येक रोगासाठी त्या पुरेशा नसतात. गर्भारपण, मूत्रपिंडाचा विकार, औषधाची ॲलर्जी किंवा शरीरात बसविलेला पेसमेकर यांची माहिती तपासणीपूर्वी अवश्य द्यावी.

शेवटी एक नम्र विनंती. प्रत्येक कुटुंबाने घरातील सर्वांचे जुने एक्स-रे, स्कॅन व अहवाल तारीखवार एका फाईलमध्ये जपून ठेवावेत. जुने चित्र शेजारी ठेवले की नवी गाठ कोणती आणि जुना व्रण कोणता, हे चटकन कळते. यासाठी खर्च काहीच नाही. पण त्यामुळे एखादी अनावश्यक तपासणी, कधी एखादी शस्त्रक्रियाही टळू शकते.